चिमणीतला लायनर (धूर वर नेणारी स्टीलची नळी) ६ इंची की ८ इंची?
लाकडाच्या स्टोव्हचा कॉलर (धूर बाहेर पडण्याचं तोंड) ६ इंची असेल तर कुणी ८ इंची लायनर सुचवला तरी तो घेऊ नका, ६ इंचीच घ्या. नळी मोठी झाली की धूर रेंगाळतो, थंड होतो आणि आत क्रिओसोट (पेट घेऊ शकणारा डांबरासारखा थर) साचतो. अमेरिकेत बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या विटांच्या चिमणीत तर फारच. म्हणूनच लायनरभोवती अर्धा इंची सिरॅमिक ब्लँकेट (उष्णता टिकवणारं वेष्टण) हवं: फॉइल बाहेरच्या बाजूला, वर स्टीलची जाळी. मग व्यास ७ इंचांच्या वर जातो आणि ८ बाय ८ म्हणून विकल्या जाणाऱ्या मातीच्या टाइलमध्ये (चिमणीच्या आतलं जुनं अस्तर) आतली मोकळी जागा अनेकदा तेवढीच असते. त्यामुळे खरेदीआधी आतलं माप घ्या. बसत नसेल तर टाइल फोडून काढा, पण ब्लँकेट वगळू नका. लायनरचं स्टेनलेस स्टील ३१६ ग्रेडचं घ्या. जुन्या डॅम्परची (चिमणीतल्या झडपेची) चौकटही बहुधा कापावी लागेल.