मदत हवी आहे : दमट उन्हाळ्यात, लोकलच्या गर्दीत आणि बंद खोलीत चालेल असा सुगंध

नमस्कार. मी मूळची नागपूरची असून बदलीमुळे यंदाच्या मार्चपासून ठाण्यात राहते. सकाळच्या गर्दीत लोकलने सीएसएमटी गाठणे आणि तेथे एका लहानशा वातानुकूलित खोलीत आणखी तिघांबरोबर दिवसभर बसणे, असा माझा दिनक्रम आहे. सकाळी लावल्यावर निदान दुपारच्या डब्यापर्यंत टिकेल, घामात मिसळून जड होणार नाही आणि शेजारी बसलेल्या माणसाला त्रास देणार नाही, असा सुगंध मला हवा आहे. माझ्या शेजारच्या टेबलावरील ताईंना अर्धशिशी आहे, त्यामुळे शेवटची अट माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे.

नागपूरचा उन्हाळा कडक खरा, पण कोरडा. पारा ४५ अंशांवर गेला तरी घाम अंगावर रेंगाळत नाही आणि लावलेला वासही त्याच वेगाने उडून जातो. तेथे मी चंदन, व्हॅनिला आणि किंचित ऊद असलेले ‘ओ द पर्फ्यूम’ वापरत असे आणि संध्याकाळपर्यंत त्याची फक्त मंद छटा उरत असे. इथे पारा दहा अंशांनी कमी असूनही तेच पर्फ्यूम लोकलच्या डब्यात शिरताच अंगावर चढते. व्हॅनिलाचा गोडवा ओलसर कातडीवर चिकटून बसतो आणि घाटकोपर येईपर्यंत मला स्वतःलाच गुदमरल्यासारखे होते.

उपाय म्हणून लिंबू-संत्र्याच्या अंगाचे कोलोन आणले. आंघोळीनंतर ते फार सुखद वाटते, पण स्टेशनपर्यंत चालत जाईतो संपलेले असते. कोलोनमध्ये सुगंधी द्रव्याचे प्रमाण साधारण २ ते ५ टक्के, ‘ओ द त्वालेत’मध्ये ५ ते १५ आणि ‘ओ द पर्फ्यूम’मध्ये १५ ते २० टक्के असते, इतके मला ठाऊक आहे. मग मधले ‘ओ द त्वालेत’ घ्यावे, तर दुकानात प्रत्येक वेळी समुद्राच्या वाऱ्यासारखे म्हणून जे पुढे केले जाते, त्यात मला कापलेल्या कलिंगडाचा वास येतो आणि तो आवडत नाही.

सध्या मन वाळ्याच्या अत्तराकडे वळले आहे. आमच्या घरी कूलरच्या ताट्यांत वाळा असे आणि माठात वाळ्याची जुडी. त्यामुळे तो वास आला की उन्हाळा सुसह्य वाटतो. परंतु अत्तर म्हणजे तेल, आणि मुंबईच्या घामात ते चिकट होईल का, ते कातडीवर लावावे की कपड्यावर, आणि अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर प्रदेशातील कनौजचे म्हणून विकले जाणारे प्रत्येक अत्तर खरोखर तसे असते का, याचा उलगडा होत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

तुमची निवड योग्य दिशेने चालली आहे, असे मी खात्रीने म्हणेन. उन्हाळ्याच्या सुगंधातली खरी अडचण अशी की ज्यांचा वास थंड आणि ताजा वाटतो ती द्रव्ये बहुधा हलकी असतात आणि उष्णतेत सर्वांत आधी उडून जातात. लिंबू, संत्रे, बर्गमॉट ही सगळी त्यातलीच. जी टिकतात ती ऊद, अंबर, व्हॅनिला यांसारखी द्रव्ये उकाड्यात जड होतात. वाळा याला मोठा अपवाद आहे. त्याच्या मुळांतले तेल घट्ट आणि सावकाश उडणारे असते, इतके की इतर सुगंध धरून ठेवण्यासाठी परदेशी पर्फ्यूमांतही ते तळाला घालतात. आणि तरीही त्याचा वास ओल्या मातीसारखा, गार असतो. अत्तरवाले वाळा, गुलाब, केवडा, मोगरा उन्हाळ्यासाठी आणि शमामा, हिना हिवाळ्यासाठी सुचवतात, त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे.

कनौजला तांब्याच्या देगेत फुले किंवा मुळे पाण्यासह उकळतात आणि वाफ बांबूच्या चोंग्यातून भपक्यात, म्हणजे ती गार होऊन जमा होते त्या भांड्यात, उतरवतात. पूर्वी भपक्यात चंदनाचे तेल असे. चंदन महागल्यापासून पुष्कळ ठिकाणी द्रव पॅराफीन वापरतात आणि तुम्हाला भीती वाटते तो चिकटपणा तेथून येतो. म्हणून विक्रेत्याला ‘जमीन कशाची आहे?’, म्हणजे तळाचे तेल कोणते, असे थेट विचारा. चांगला विक्रेता न लपवता सांगतो. कोणत्याही तेलाची भेसळ नसलेला ‘रूह खस’, म्हणजे वाळ्याचा निव्वळ अर्क, मिळाला तर तो घ्या. तो दाट असतो आणि तांब्याच्या भांड्यामुळे हिरवट दिसतो. महाग पडतो, पण काडीच्या टोकाला लागेल तेवढाच पुरतो. कागदाच्या पट्टीवरून निर्णय मात्र करू नका. अत्तर हातावर लावून घ्या, दुकानातून बाहेर पडा, तासभर उन्हात आणि गर्दीत फिरा आणि मगच ठरवा.

मातीचे अत्तरही पाहा. भाजलेल्या मातीचे तुकडे देगेत घालून ते काढतात. १९६४ मध्ये पहिल्या पावसाच्या गंधाला ‘पेट्रिकोर’ हे नाव देणाऱ्या दोघा शास्त्रज्ञांनी आपल्या लेखात या अत्तराची दखल घेतली होती. पण ते लवकर ओसरते आणि खाली चंदन उरते, हे ध्यानात ठेवावे.

प्रतिसाद २

वरील माहितीत लावण्याच्या जागेविषयी भर घालते. लोकलमध्ये हात वर धरून उभे राहावे लागते, तेव्हा मनगटावरचा सुगंध थेट दुसऱ्याच्या नाकाशी जातो. त्याऐवजी कपड्याच्या आत, छातीच्या मध्यावर एक टिपका लावावा; अंगाच्या उबेने तो हळूहळू वर येतो. काखेत सुगंधी डिओडरंट नको, बिनवासाचे घामरोधक वापरा, म्हणजे दोन वास एकमेकांवर चढणार नाहीत. बर्गमॉट असलेले कोलोन उघड्या मानेवर लावून उन्हात जाऊ नका, कारण त्यातील एका घटकामुळे कातडीवर काळे डाग पडू शकतात.

अर्धशिशी असलेल्या ताईंना आधी विचारावे, असे मला मनापासून वाटते. आपल्या नाकाला आपला वास थोड्याच वेळात जाणवेनासा होतो आणि म्हणूनच माणूस दुपारी पुन्हा लावतो. खोलीतल्या इतरांसाठी मात्र तो तेवढाच तीव्र असतो.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. ताईंशी आजच बोलले; फुलांचे आणि गोड वास त्यांना सोसत नाहीत, वाळ्याला मात्र त्यांची हरकत नाही. शनिवारी मोहम्मद अली रोडला जाऊन रूह खस पाहीन आणि जमिनीविषयी अवश्य विचारीन. एकच शंका उरली आहे : मी बहुतेक फिक्या रंगाच्या सुती साड्या नेसते, त्यांवर हिरवट डाग पडेल का?

प्रतिसाद १

थेट लावल्यास पडेल आणि सहज निघणार नाही. अंगावर टिपका लावल्यावर तो पूर्ण मुरू द्यावा आणि मगच साडी नेसावी. त्याखेरीज कापसाचा फाया अत्तरात बुडवून, जुन्या रुमालाच्या दुहेरी घडीत ठेवून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवा. रुमाल काढला की वाळ्याचा वास येईल आणि खोलीत पसरणारही नाही. कुपी मात्र घरीच, उजेडापासून दूर, कपाटात ठेवावी.