एडिसन ते फ्रीमाँट, भाड्याच्या गाडीने, आईबाबांसकट: 5,000 डॉलरमध्ये बसेल का?

मिरजकर_जर्सीत
मंडळी, ऑगस्टअखेर आईबाबा मिरजेहून आमच्याकडे, न्यू जर्सीत एडिसनला येताहेत. ताई तिकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला असते. बाबांचं फर्मान आहे, "विमानातून ढगच दिसतात, देश जमिनीवरून दाखव." माझी गाडी म्हातारी, आणि तिकडून चालवत परत यायला रजा नाही. म्हणून इथून भाड्याने घ्यायची, तिकडे सोडायची आणि विमानाने परत. शिकागो, बॅडलँड्स, माउंट रशमोर, यलोस्टोन, सॉल्ट लेक, रीनो. फिरण्यासकट साधारण 3,500 मैल, 10 दिवस. रोज 600 मैल मारले तर चार दिवस फिरायला उरतात.
हिशोब: गाडी 900, गॅस (म्हणजे पेट्रोल) 450, मोटेल 9 रात्री 1,200, खाणं 600. बाकी किरकोळ. आम्ही चौघं. कुठे चुकतंय?

घाटावरची
बऱ्याच ठिकाणी. आम्ही 2023 च्या सप्टेंबरात सासूसासऱ्यांना घेऊन हाच रस्ता केला, शेवट फक्त सॅक्रामेंटोला.

900 हा भाव घेतली तिथेच परत करायचा असणार. सोडायचं गाव टाकून पुन्हा बघा. आमचा आकडा 720 वरून 1,610 वर गेला. ड्रॉप फी, म्हणजे दुसऱ्या गावी गाडी सोडायचे पैसे, दर वेळी वेगळी दाखवत नाहीत, भाड्यातच मुरवतात. विमानतळावर कर जास्त, पण गावातल्या छोट्या शाखा बऱ्याचदा रविवारी बंद असतात. दोन्हीकडे बघा, तारीख एक-दोन दिवस मागेपुढे करून बघा.

भाड्याचा दिवस 24 तासांचा. आम्ही गाडी सकाळी 9 ला घेतली होती. शेवटच्या दिवशी टाकी भरायला पंप शोधत बसलो आणि 10:50 ला पोचलो. अख्ख्या दिवसाचं भाडं लागलं. काउंटरवरचा मुलगा गोड हसत होता, हे जास्त झोंबलं.

गाडीच्या नुकसानीचा विमा तुमच्या क्रेडिट कार्डावर असू शकतो, पण काही कार्डांची मर्यादा 15 दिवस, काहींची 31. पूर्ण भाडं त्याच कार्डावर भरायचं आणि काउंटरवरचा विमा नाकारायचा, तरच तो लागू. दुसऱ्याला धडक बसली तर कार्ड उपयोगाचं नाही, तिथे तुमची घरची कार पॉलिसी बघा. बायको चालवणार असेल तर करारात नाव हवंच.

टोल: पेनसिल्व्हेनियात आय-80 हायवे धरा, फुकट आहे. टर्नपाइक (तिथला टोलचा हायवे) नको, महाग पडतो. ओहायो, इंडियाना, शिकागोच्या आसपास टोल लागतोच. गाडीतल्या टोलच्या डबीचं झाकण बंद ठेवा आणि स्वतःचा ई-झेडपास (आपल्या फास्टॅगसारखा) लावा. गाडीचा नंबर आधी खात्यात टाकायचा. आम्ही त्यांची डबी वापरली. साऊथ डकोटात एक टोल नाही, तरी त्या दिवसांचे पैसे लावले.

आता ते 600 मैल. सासरे प्रत्येक रेस्ट एरियात उतरून चारही टायरना लाथ मारून बघायचे, मग पाय मोकळे करायचे, मग थर्मासमधला चहा. पंचवीस मिनिटं. दिवसातून पाच वेळा. गूगल सांगतं त्या वेळेत हे नसतं. दिवसाला 400 मैलांपेक्षा जास्त जाऊ नका, आणि 13 दिवस धरा. खोल्या निदान काही रात्री दोन घ्या. घोरण्यावरून आमच्याकडे शिकागोतच फाटलं होतं.

राईस कुकर न्या. मेतकूट-भात, लोणचं, दही, झालं. फक्त फोडणी नको. साऊथ डकोटात मिचेल गावी मोटेलात सासूबाईंनी छोट्या शेगडीवर हिंग-मोहरी तडतडवली आणि स्मोक अलार्म! सगळे जण पायजम्यात पार्किंगमध्ये.

टाकी_फुल
नॅशनल पार्कांचे पैसे 'किरकोळ' नाहीत. 1 जानेवारी 2026 पासून परदेशी पाहुण्यांना वार्षिक पास 250 डॉलरचा, आणि पास नसेल तर यलोस्टोन, ग्रँड टीटन धरून 11 पार्कांत माणशी 100 जादा. आईबाबा त्यात मोडतात. रशमोरला प्रवेश फुकट, पार्किंगचे 10. लेबर डेच्या (सप्टेंबरातला पहिला सोमवार, सुट्टी) वीकेंडला यलोस्टोन टाळा, खोल्यांचे भाव बघून घेरी येईल. वायोमिंग-नेवाडात टाकी अर्धी झाली की भरायची. पुढच्या पंपाच्या भरवशावर राहू नका.
आणि परतीची विमानाची तिकिटं कुठे लिहिलीत?

पुणेरी_उपद्व्याप
मी असतो तर सॉल्ट लेकला विमानाने गेलो असतो. तिथे गाडी घ्यायची, टीटन-यलोस्टोन करून तिथेच परत द्यायची, ड्रॉप फी शून्य, आणि पुढे विमानाने ताईकडे. इंडियाना-आयोवात काय आहे? मका.

मिरजकर_जर्सीत
तिकिटं विसरलोच होतो, चार जणांची. नवा हिशोब: गाडी 1,700, गॅस 450, खोल्या 2,600, खाणं 800, पार्क-टोल 450, विमान 1,000. म्हणजे 7,000. गाडीचे निम्मे ताई देतेय.
@पुणेरी, तुमचा मुद्दा बाबांना वाचून दाखवला. ते 31 वर्षं कृषी खात्यात होते. म्हणाले, "अरे, मग मकाच बघायचाय." तेव्हा आयोवात एक मुक्काम वाढला, आणि त्यासाठी रशमोरकडे जरा आडवाटेने जाणार. लेबर डे झाल्यावर निघतोय.
फोडणीचं आईला अजून सांगितलेलं नाही.