सगळ्या जागा तपासणं शक्य नाही
"सगळ्या शक्य जागा संगणकाला तपासायला लावा आणि सर्वांत फायद्याची निवडा, त्यात अवघड काय?" असं तेलाच्या विहिरी कुठे खोदायच्या याबद्दल कुणीही विचारेल. अवघड आहे तो आकडा. तेलसाठ्यावर १०० × १०० चौकोनांची जाळी टाका आणि फक्त ५ विहिरी बसवा. पर्याय होतात ८ वर १७ शून्यं, तेही विहिरी सरळ उभ्या धरून! प्रत्येक पर्यायाला सिम्युलेटर (साठ्यातलं तेल-पाणी कसं वाहील ते मोजणारा प्रोग्राम) एकदा चालवायचा, आणि मॉडेल मोठं असेल तर एकेका वेळेला काही तास जातात. म्हणून जेनेटिक अल्गोरिदम, पार्टिकल स्वॉर्म वगैरे, म्हणजे थोडेच पर्याय तपासत चांगल्याकडे सरकणाऱ्या शोधपद्धती. सर्वोत्तम सापडेलच याची हमी नाही, पण बरंच चांगलं सापडतं.

माझ्या मते खरी मेख नकाशात आहे. जमिनीखालची पारगम्यता (खडकातून तेल-पाणी किती सहज वाहतं ते) मुळात अंदाजानेच भरलेली असते. एकाच मॉडेलवर विसंबलात तर ऑप्टिमायझर (जागा शोधणारा प्रोग्राम) त्यातला एखादा कल्पित वाळूचा पट्टा हेरून विहीर नेमकी तिथेच ठोकतो. खोदल्यावर तिथे शेल (तेल जवळपास वाहूच न देणारा चिकणमातीचा खडक) निघाला तर? त्यामुळे भूगर्भाच्या अनेक शक्यतांवर मिळून सरासरी नफा बघावा, आणि सर्वांत वाईट शक्यतेत काय होतं तेही. खर्च तितक्या पट वाढतो, हे आलंच.

आणि तेल ढकलायला पाणी सोडायच्या विहिरी आधी पक्क्या करून मग उत्पादनाच्या शोधू नका. दोन्ही एकत्रच ठरवाव्या लागतात.