आईचं बीपी सारखं खालीवर होतंय, सल्ला हवा आहे

अनघा_स
आई ७६ वर्षांची, साताऱ्याला दादा-वहिनीकडे असते. बीपीच्या गोळ्या बरीच वर्षं चालू आहेत, टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५. साखर काठावर. दिवाळीपासून मात्र बीपीचा काही नेमच राहिलेला नाही. सकाळी १७४/७८, दुपारी जेवण झाल्यावर ११२/६०, रात्री परत १६०च्या पुढे. आकडा वाढला की दादा घाबरून अर्धी गोळी जास्त देतो, उतरला की दुसऱ्या दिवशीची देतच नाही. परवा पहाटे बाथरूमला उठली तर भोवळ आली, दाराची चौकट धरून खालीच बसली. डॉक्टर बदलावे का? फिजिशियन पुरे की कार्डिओलॉजिस्टच गाठावा? मशीन मनगटावरचं आहे, तेही बदलायचंय. काही घरगुती उपाय असतील तर सांगा.

मिसळपाव_जास्त_तर्री
मनगटाचं मशीन कपाटात टाका. दंडाला पट्टा बांधायचं ऑटोमॅटिक घ्या आणि कंपनीपेक्षा पट्ट्याचं माप बघा. दंड जाड आणि पट्टा तोकडा असला की आकडा फुगून येतो. माझ्या सासऱ्यांसाठी मोठा पट्टा वेगळा मागवावा लागला. नवीन मशीन एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या मशीनशी ताडून घ्या.

शुभदाताई
अगं अनघा, मी निवृत्त नर्स आहे, डॉक्टर नाही. गोळ्या किती नि कुठल्या ते तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण दादाला म्हणावं, आकडा बघून गोळी कमीजास्त करणं आजपासून बंद. अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून निम्मं जायलाच ३० ते ५० तास लागतात. आज चुकवलेल्या गोळीचा परिणाम उद्या-परवा दिसणार, आणि तेव्हा हा अर्धी जास्त देणार. मग बीपी झोके घेणार नाही तर काय!

या वयात थोडं खालीवर व्हायचंच. रक्तवाहिन्या कडक झालेल्या असतात, म्हणून वरचा आकडा जास्त नि खालचा कमी दिसतो. उभं राहिल्यावर बीपी सावरून धरायची शरीराची सवयही मंदावते. जेवणानंतरही काहींचं उतरतं.

बघायचं कसं ते वहिनीला सांग. आधी लघवीला जाऊन येऊ दे. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला, पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, छातीच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर, पदराच्या किंवा स्वेटरच्या बाहीवर नाही. चहा घेतल्यावर अर्धा तास थांबायचं. मिनिटभराच्या अंतराने दोनदा बघून दोन्ही आकडे वहीत लिहायचे, सकाळी गोळीआधी आणि रात्री. मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी परत, शेजारी कुणीतरी धरायला हवंच. वरचा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगायचं, भोवळ त्यानेच येत असेल.

आणि गोळ्यांव्यतिरिक्त आई काय काय घेते ते विचार, त्यानेही बीपी चढू शकतं. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक? सर्दीची गोळी? ज्येष्ठमध? मिश्री?

रानवाटा
सर्पगंधा चूर्ण द्या. आमच्याकडे एक जण देतात, हमखास उतरतं.

खडूस_केमिस्ट
उतरतं, तीच तर भीती आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकीलांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेवर लेख लिहिला, तेव्हापासून जग तिला बीपीचं औषध म्हणून ओळखतं. पण तिच्यातल्या रिसर्पिनने सुस्ती येते, मन खचू शकतं. चिमूटभर भुकटीत ते किती आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि इथे दोन गोळ्या आधीच चालू आहेत. आधीच भोवळ येणाऱ्या बाईला हे नकोच.

घरगुती उपाय विचारलाच आहे तर लोणचं, पापड, फरसाण कमी करा. सैंधव घेतलं तरी ते सोडियमच. कमी सोडियमचं मीठ आणाल तर त्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टननेही पोटॅशियम वाढतं, तेव्हा रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते) आणि पोटॅशियम तपासून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. शिवाय बीपी चढलं की जिभेखाली कॅप्सूल फोडून देणारे शेजारी अजून आहेत. त्यांना चहा पाजून परत पाठवा. बीपी धाडकन उतरून पक्षाघात होऊ शकतो.

अनघा_स
वहिनीशी बोलले. मिश्री सकाळ-संध्याकाळ, आणि सकाळचं बीपी मिश्री लावून झाल्या झाल्या बघतात! दिवाळीत खोकला झाला तेव्हापासून ज्येष्ठमधाची कांडी दिवसभर तोंडात. शिवाय एकादशीला गोळी घेत नाही, उपास मोडतो म्हणे. दादाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

शुभदाताई
ज्येष्ठमध आजच बंद. त्याने अंगात मीठपाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. बंद केल्यावरही परिणाम ओसरायला काही आठवडे लागू शकतात, म्हणून लगेच फरक दिसला नाही तर घाबरू नका. मिश्री म्हणजे तंबाखूच, निकोटिनने बीपी वर जातंच. उपासाला पाण्याबरोबर गोळी चालते हे मात्र एखाद्या वडीलधाऱ्याकडून वदवून घ्या, सुनेचं ऐकायच्या नाहीत.

डॉक्टर आत्ता बदलू नका. चांगला फिजिशियन पुरे. वही, सगळ्या औषधांच्या पट्ट्या आणि ती कांडीसुद्धा घेऊन जा. ईसीजी काढतीलच. नाडी अनियमित असेल तर घरच्या मशीनचे आकडेही भरकटतात. गरज वाटली तर २४ तास दंडाला बांधून ठेवायचं मशीन लावतील, त्यात झोपेतलंही कळतं.

आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं, एका बाजूची ताकद जाणं यातलं काही असलं तर लगेच १०८. तसलं काही नसेल तर शांत बसवून परत बघा आणि डॉक्टरांना फोन करा. जास्तीची गोळी नाही.

अनघा_स
शनिवारी जातेय साताऱ्याला. गोळ्यांचा डबा आता वहिनीच्या ताब्यात. घरच्या कुणाची मिश्री सोडवलीय का कुणी? कशी ते लिहा प्लीज, आमची आई सहजी ऐकणाऱ्यातली नाही.