मदत हवी आहे: एका अंगाने कुजलेला रायवळ आंब्याचा मोठा ओंडका लेथवर कातायचा आहे

नमस्कार मंडळी,

लाकडाचं कातकाम करणाऱ्यांचा, किंवा निदान अवजड आणि वेडावाकडा जॉब (कातायची वस्तू) लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर, फिरवलेल्यांचा सल्ला हवा आहे. मी नाशिकला राहतो आणि घरामागच्या शेडमध्ये हौसेने लेथ चालवतो. वाट्या, डबे, लाटणी, पाळण्याच्या दांड्या अशी कामं नेहमीची आहेत. हे प्रकरण मात्र आकारानेच वेगळं आहे.

मखमलाबादकडे ओळखीच्या एका कुटुंबाच्या मळ्यात, बांधावर जुना रायवळ आंबा होता. गेल्या वर्षी वळवाच्या वादळात तो मुळासकट आडवा झाला. फांद्या सरपणाला गेल्या, खोड मात्र अख्खा पावसाळा बांधाला टेकून पडून राहिलं. झाड त्यांच्या आजोबांनी लावलेलं. आजी म्हणाल्या, "याचं काहीतरी घरात राहील असं करून द्या." म्हणून खोडाचा एक तुकडा मी घेऊन आलो. व्यास साधारण २० इंच, लांबी १५ इंच, आणि वजन माझ्या अंदाजाने ६० किलोच्या आसपास. दोघांशिवाय तो हलत नाही.

आता अडचण. जी बाजू मातीला टेकली होती ती कुजली आहे, वरची बाजू ठणठणीत आहे. ठणठणीत बाजूवर हातोडीचा दांडा मारला की खणखणीत आवाज येतो. तसाच ठोकत ठोकत खाली आलो की आवाज हळूहळू बद्द होत जातो, आणि सालीजवळ तर आवाजच येत नाही. तिथे स्क्रूड्रायव्हर नुसत्या हाताच्या जोराने दोन इंच आत जातो. बाहेर येतं ते पांढरट, ओलसर, धागे सुटलेलं लाकूड, चिमटीत धरलं तर पिळता येईल असं. त्याला अळंबीसारखा वास आहे.

पण या दोन भागांच्या मधला जो पट्टा आहे, त्याच्यासाठीच मी हा धागा काढला. कापलेल्या तोंडावर पाणी मारून बघितलं तर त्या पट्ट्यात काळ्या, बारीक, नागमोडी रेघा पसरलेल्या दिसतात, जणू कुणी बोरूने नकाशा काढलाय. दोन वेगळ्या बुरशा एकाच लाकडात शिरल्या की आपापल्या हद्दीवर अशी काळी भिंत घालतात, त्याच या रेघा. बाहेरच्या देशांत असं लाकूड मुद्दाम शोधून घेतात. आपल्याकडे ते वखारीतून थेट जळणात जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिथलं लाकूड अजून बऱ्यापैकी टणक आहे, स्क्रूड्रायव्हर जेमतेम टोचतो. त्यामुळे कुजका भाग सरसकट उडवून टाका, हा सल्ला मला पटत नाही. तो उडवला तर रेघाही जातील, आणि उरेल ते कुठल्याही आंब्याच्या फळीसारखंच.

माझा लेथ ओतीव बेडचा, सेकंड हँड आहे. बेडवर २४ इंच व्यासाचा जॉब फिरू शकतो. दीड एचपीची सिंगल फेज मोटर आहे आणि स्टेप पुलीवर सगळ्यात कमी वेग ४५० आरपीएम (मिनिटाला ४५० फेरे) मिळतो. फेसप्लेट (जॉब स्क्रूने जिला बसवतात ती लोखंडी तबकडी) ६ इंचांची आहे, जॉब आवळून धरणारा चार जबड्यांचा चक आहे आणि टेलस्टॉक, म्हणजे जॉबला दुसऱ्या टोकाने टेकू देणारा भाग, चांगला भक्कम आहे.

व्यास इंचांत घेऊन त्याला आरपीएमने गुणलं तर उत्तर ६००० ते ९००० च्या दरम्यान असावं, हा ठोकताळा मला माहीत आहे. त्या हिशेबाने २० इंचांना ३०० ते ४५० बसतो, म्हणजे माझा सर्वात कमी वेग हा तिथला सर्वात जास्त वेग झाला. तोही गोल, समतोल जॉबला. हा तर एका अंगाने हलका आणि दुसऱ्या अंगाने जड. तेव्हा वेग कसा उतरवायचा, ओंडका अख्खा घ्यायचा की चिरून, फेसप्लेट कुठल्या बाजूला मारायची आणि मऊ भाग आधी रेझिन पाजून कडक करायचा की कातल्यावर, यावर अनुभवी लोकांनी सांगावं. नाशिकमध्ये ही कामं करून देणारं कुणी असेल तर तेही कळवा. मनातून काथवटीसारखं मोठं, पसरट पात्र करायचं आहे.

प्रतिसाद: अंबडचा फिटर

दादा, लाकडातलं मला फारसं कळत नाही, पण फिरत्या वजनाचं रोजचं काम आहे. एक हिशेब सांगतो. ६० किलोच्या ओंडक्याचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या अक्षापासून फक्त १ सेंटिमीटर बाजूला आहे असं धरा. ३०० आरपीएमला तो सुमारे ६० किलोच्या जोराने बाहेर ओढतो. ४५० ला तोच जोर साधारण १३५ किलो होतो, आणि ६०० ला २४०. वेग दुप्पट केला की ओढ चौपट. हा धक्का एका दिशेने नाही, ४५० ला सेकंदाला साडेसात वेळा चौफेर फिरतो. तुमचा ओंडका कुजक्या बाजूला किती हलका आहे ते पाहता १ सेंटिमीटर हा कमीच धरलाय. तेव्हा आहे त्या वेगावर हा जॉब सुरू करू नका, ही कळकळीची विनंती.

वेग उतरवायला दोन वाटा आहेत. पहिली स्वस्त: मोटर आणि स्पिंडलच्या (जॉब फिरवणाऱ्या दांड्याच्या) मध्ये एक शाफ्ट टाका, दोन बेअरिंग ब्लॉक आणि एकास तीन पुली. ४५० चे १५० होतात आणि टॉर्कही, म्हणजे फिरवायचा जोर, वाढतो. अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत कुठलंही छोटं वर्कशॉप हे करून देईल. दुसरी वाट व्हीएफडीची, म्हणजे विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या ड्राइव्हची. पण तुमची सिंगल फेज मोटर त्यावर चालणार नाही, तीन फेज मोटर घ्यावी लागेल. ड्राइव्ह सिंगल फेज इनपुटची मिळते, तिचं आउटपुट २३० व्होल्ट तीन फेज असतं. म्हणून मोटर डेल्टा जोडणीत २३० वर चालणारीच हवी, ते नेमप्लेटवर बघून घ्या. आणि ड्राइव्हने वेग फार खाली नेऊन तासन्‌तास काम करू नका, मोटरचा पंखाही हळू फिरतो आणि वाइंडिंग तापतं. आधी बेल्टने उतरवा, उरलेलं ड्राइव्हने. स्टँड जमिनीला बोल्टने बांधा आणि खाली वाळूची पोती ठेवा.

प्रतिसाद: रंधा

वरचा हिशेब वाचून मला जे सांगायचं होतं ते अर्धं झालं. अख्खा ओंडका लेथवर घेऊच नका. मधोमध गाभ्यातून चेनसॉने उभा चिरा, असा की एका भागात चांगली बाजू आणि दुसऱ्यात कुजकी बाजू येईल. गाभ्याच्या दोन्ही अंगांनी इंचभर लाकूड काढून टाका, भेगा तिथूनच सुरू होतात. आता वजन निम्म्याहून कमी झालं आणि प्रत्येक भाग आपल्यापुरता बराच समतोल झाला.

चांगल्या भागाची काथवट करा. नेहमीसारखं तोंड गाभ्याकडे, बूड सालीकडे.

कुजक्या भागाला मात्र हे उलटं करायचं, आणि सगळी मेख इथेच आहे. बूड सालीकडे घेतलंत तर चकने धरायची टेनन (बुडाला कातून ठेवलेला गोल खुंट) नेमकी सडलेल्या लाकडात येईल आणि पहिल्याच झटक्याला उखडेल. म्हणून बूड गाभ्याकडे, तोंड सालीकडे. पकड ठणठणीत लाकडात राहील, तुमच्या काळ्या रेघा भिंतीत येतील आणि कुजकं लाकूड काठावर येईल, तिथे ते कमीत कमी भार सोसेल. लेथवर चढवण्याआधी तारेच्या ब्रशने आणि पटाशीने जे बोटाने सुटतं ते सगळं काढून टाका. रेघा मऊ भागात नसतात, त्याच्या अलीकडे असतात, त्यामुळे काही गमावणार नाही. फेसप्लेट चिरलेल्या सपाट बाजूला, लाकडाच्या कामाच्या जाड स्क्रूने, निदान दीड इंच आत. पीओपीच्या कामातले काळे स्क्रू अजिबात नकोत, ते ठिसूळ असतात, वाकण्याआधी तुटतात. टेलस्टॉक शेवटपर्यंत लावून ठेवा.

रेझिन आत्ता पाजू नका. ओल्या लाकडात ते शिरत नाही, वरच राहतं. आधी भिंत दीड-दोन इंच जाड ठेवून कच्चं कातून घ्या, आडव्या कापांना पातळ फेविकॉल किंवा मेण लावा आणि पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवा. आपल्याकडे चैत्र-वैशाखाची हवा इतकी कोरडी असते की उघडं ठेवलंत तर आठवड्यात तडकेल. मधूनमधून वजन करून ते लिहून ठेवा. वजन उतरायचं थांबलं की वाळलं. ओलावा २० टक्क्यांच्या खाली गेला की बुरशीही थांबते. मग पातळ इपॉक्सी मुरवा, बारीकसारीक जागी फेविक्विक, आणि शेवटचा हात त्यानंतर. त्या वेळी काठावर पॅकिंगची स्ट्रेच फिल्म घट्ट गुंडाळा.

चष्मा पुरेसा नाही, पूर्ण चेहऱ्याची शील्ड घ्या आणि लेथ सुरू करताना जॉबच्या रेषेत उभं राहू नका. कुजक्या लाकडाच्या भुशात बुरशीचे बीजाणू असतात, एन ९५ मास्क हवाच. आंब्याचा चीक काहींच्या कातडीला उठतो, ओलं काम करताना बाह्या पूर्ण ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तोंड सालीकडे घ्यायचं, हे डोक्यात आलंच नव्हतं, आणि त्यामुळे आजवर न सुटलेला पकडीचा प्रश्न मिटतो. मधला शाफ्ट टाकायचं नक्की केलं, सातपूरच्या एका वर्कशॉपशी बोलणंही झालं. चिरायचं काम मळ्यातच करीन, त्यांच्याकडे चेनसॉवाला येतो.

एकच शंका उरली. चांगल्या भागाची काथवट आजींच्या सुना भाकरीचं पीठ मळायला वापरणार आहेत. त्या भागातही चिरल्यावर एखादी काळी रेघ निघालीच, तर ती अन्नाला चालेल का?

रंधा

मी असतो तर ती काथवट पिठासाठी दिली नसती. वाळल्यावर बुरशी झोपते, पण रोज ओलं पीठ आणि पाणी लागणार म्हणजे पुन्हा ओलावा मिळणार. रेघ निघाली तर तेवढा भाग कातून काढता येतो का बघा. नसेल तर काथवट थोडी लहान करा, पण निखळ लाकडाची करा. आणि तिला इपॉक्सी किंवा पॉलिश काही नको, जवसाचं तेल दोन-तीन हात देऊन उन्हाच्या तिरपीपासून लांब, पूर्ण सुकेपर्यंत ठेवा. रेघांचं पात्र बैठकीत ठेवायला द्या.

धागाकर्ता

पटलं. तसंच करतो. चिरल्यावर दोन्ही भागांच्या तोंडांचे फोटो इथेच टाकीन, टेनन कुठे काढायची ते बघून सांगा.