मदत हवी आहे: 'आल्मेन' म्हणजे जर्मन, मग 'आल्मेन रिव्हेट'ला मराठीत काय म्हणावं?

सोळाव्या शतकातल्या इंग्रजी शस्त्रागाराच्या याद्यांच्या अनुवादात 'आल्मेन' हा शब्द वारंवार येतो. अर्थ जर्मन माणूस किंवा जर्मन बनावटीची वस्तू. व्युत्पत्ती बरीचशी सरळ आहे: जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, मुळाशी लॅटिन 'अलेमान्नी', म्हणजे ऱ्हाईनच्या वरच्या खोऱ्यातल्या टोळ्यांचा संघ. रोमन वृत्तांतात तो इ.स. 213च्या सुमारास दिसतो. 'सगळी माणसं' हा अर्थ बहुतेकांना मान्य. प्राचीन लेखक असिनियस क्वाड्राटस मात्र 'गोळा झालेली, सरमिसळ माणसं' असं सांगतो. मला दुसरा अर्थ जास्त पटतो.

अडचण पुढे आहे. 'आल्मेन रिव्हेट' हा नुसता रिव्हेट (पत्रे जोडणारी खिळी) नव्हे, तर साध्या पायदळ सैनिकाचं अर्धं चिलखत: छाती-पाठीचे पत्रे, गळपट्टी, हातांवरच्या पट्ट्या. खाचेत सरकणाऱ्या रिव्हेटांमुळे पत्रे हलतात, म्हणून हे नाव. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने 1512 मध्ये असे 2000 संच घेतले ते फ्लोरेन्सच्या व्यापाऱ्याकडून! म्हणजे 'जर्मन चिलखत' लिहिलं की वाचक फसणार. शिवाय आपल्याकडे 'जर्मनचं' म्हटलं की ॲल्युमिनियमचं पातेलंच डोळ्यांपुढे येतं.

'सरकत्या रिव्हेटांचं चिलखत' कसं वाटतं? की 'आल्मेन' तसाच ठेवून तळटीप द्यावी? आणि त्याच काळातलं 'डच' पुष्कळदा जर्मनांनाही लावलेलं असतं. तिथे संदर्भाशिवाय 'जर्मन' लिहिणं कितपत सुरक्षित?