हकची चिठ्ठी आणि जिमची माफी

मार्क ट्वेनच्या 'ॲडव्हेंचर्स ऑफ हकलबरी फिन' या कादंबरीत, पळालेला गुलाम जिम कुठे आहे हे त्याच्या मालकिणीला, मिस वॉटसनला, कळवणारी चिठ्ठी हकलबरी फिन हा मुलगा फाडून टाकतो तिथेच त्याच्या मनातला वंशभेद संपतो, असे एक मत आहे, ते मला पटत नाही. नरकात जावे लागले तरी चालेल, असे म्हणत तो जिमला सोडवायचे ठरवतो खरे, पण गुलामाला पळायला मदत करणे हे पापच, ही त्याची समजूत तेव्हाही हलत नाही. लगेच 32व्या प्रकरणात, बोटीवरच्या स्फोटाची थाप मारताना, कुणाला लागले का, या सॅलीमावशीच्या (हकचा मित्र टॉम सॉयर याच्या मावशीच्या) प्रश्नाला तो 'नाही' म्हणतो आणि एक काळा माणूस मेल्याचे सहज सांगून टाकतो.

त्याहून मोलाचे मला 15वे प्रकरण वाटते. धुक्यात ताटातूट होऊन रात्रभर कासावीस झालेल्या जिमला हक, ते सारे स्वप्न होते, असे भासवतो. तेव्हा जिम तराफ्यावरच्या पालापाचोळ्याकडे आणि मोडक्या वल्ह्याकडे बघून, जिवलगाला लाजवणारा माणूस असाच कचरा, असे सुनावतो. माफी मागायला हकला पाव तास लागतो, पण ती तो मागतो. जिम आधीच मुक्त झाल्याचे लपवून टॉमने शेवटी मांडलेला त्याच्या सुटकेचा खेळ मात्र मला फार बोचतो.